बोर्ड, नीट आणि एसटीचं टायमिंग

वैद्यकीय प्रवेशाची, म्हणजे नीट या देशपातळीवरच्या परीक्षेची, तयारी करणाऱ्या अकरावी-बारावीच्या मुलांचे आणि पालकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : मुलीला डॉक्टरच व्हायचं आहे. अकरावी सायन्सला गणित ठेवावं की सोडावं? दहावी मराठी माध्यमातून झाली आहे. (पालक, कोरेगाव)

एमबीबीएससाठी गणित लागत नाही. फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि इंग्रजी हे चार विषय लागतात. गणित सोडलं की तुमच्या कॉलेजात असेल त्याप्रमाणे भूगोल, मानसशास्त्र असा एखादा हलका विषय घेता येतो. मात्र इंजिनिअरिंगचं दार बंद होतं. फार्मसी आणि बीएस्सी ॲग्री उघडी राहतात. मुलीचं ठाम असेल तर गणित सोडायला हरकत नाही. ‘बघू, पुढे ठरवू’ असं असेल तर ठेवा, कारण अकरावीनंतर विषय बदलून मिळणं अवघड जातं.

गणित सोडणाऱ्यांची गाडी फिजिक्समध्ये अडते. लॉग, त्रिकोणमिती, व्हेक्टर, साधं डिफरन्शिएशन आणि इंटिग्रेशन यांच्यावाचून तिथे चालत नाही. केमिस्ट्रीत पीएच काढायलाही लॉग लागतोच. स्टेट बोर्डाच्या अकरावी फिजिक्सचा दुसरा धडा, ‘मॅथेमॅटिकल मेथड्स’, नेमका यासाठीच आहे. कॉलेजात तो घाईत उरकला जातो. पहिल्या महिन्यात रोज अर्धा तास देऊन त्यातली सगळी गणितं तिच्याकडून सोडवून घ्या.

माध्यमाचंही आत्ताच बघा. नीटचा पेपर मराठीतही मिळतो, पण भाषांतराबद्दल शंका निघाली तर इंग्रजी मजकूरच ग्राह्य धरतात. शिवाय अकरावी-बारावीची पुस्तकं इंग्रजीत वाचून पेपर मराठीत सोडवायचा म्हणजे दुहेरी कसरत. इंग्रजीच निवडा. एक वही करायला सांगा आणि तीत रोज दहा शब्द लिहू द्या : अपवर्तन म्हणजे रिफ्रॅक्शन, संवेग म्हणजे मोमेंटम, परासरण म्हणजे ऑस्मोसिस. संकल्पना तिच्या ओळखीच्या आहेत, नावं तेवढी नवी. दिवाळीपर्यंत ही अडचण बरीच कमी होते.

प्रश्न : बारावी नुकतीच सुरू झाली. सव्वासहाची एसटी, साडेसात ते साडेबारा सांगलीत कॉलेज, दोन ते सहा क्लास, घरी पोचायला साडेसात. अकरावी निम्मी राहिली आहे. रोज आठ तासांचं टाइमटेबल केलं, ते चार दिवसांत मोडलं. (विद्यार्थिनी, तासगाव)

ते मोडणारच होतं. तुझ्या दिवसात आठ तास नाहीतच. घरी आल्यावर जेवण वगळून साडेदहापर्यंत जेमतेम सव्वादोन तास मिळतात. त्याहून जास्त जागलीस तर दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये पेंगशील. तेव्हा तासांचं टाइमटेबल फाडून टाक आणि धड्यांचं कर.

नीटसाठी एनसीईआरटीची, म्हणजे केंद्राची, पाठ्यपुस्तकं धरतात. त्यांच्या सध्याच्या दोन्ही वर्षांच्या पुस्तकांत बायॉलॉजीचे 32, फिजिक्सचे 28 आणि केमिस्ट्रीचे 19 धडे आहेत. बेरीज 79. जूनच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तीस आठवडे मिळतात. त्यातून गणपती, दिवाळी, युनिट टेस्ट आणि एखादं आजारपण वजा केलं की सव्वीस धर. म्हणजे आठवड्याला तीन धडे. तुझी निम्मी अकरावी झाली असेल तर त्याहूनही कमी.

‘आधी बारावी, मग सुट्टीत अकरावी’ असं बहुतेक जण ठरवतात आणि तिथेच फसतात. दिवाळीच्या सुट्टीत अकरावी उरकत नाही. मुख्य म्हणजे ही विभागणीच चुकीची आहे, कारण स्टेट बोर्डाची अकरावी-बारावी आणि एनसीईआरटीची अकरावी-बारावी यांतले धडे सारखे वाटलेले नाहीत. बोर्डाच्या बारावी फिजिक्सची सुरुवात बघ : रोटेशनल डायनॅमिक्स, फ्लुइड्स, कायनेटिक थिअरी, थर्मोडायनॅमिक्स, ऑसिलेशन्स, मग वेव्हज. हे सगळं एनसीईआरटीत अकरावीला आहे. उलट रे ऑप्टिक्स बोर्डात अकरावीला, तर एनसीईआरटीत बारावीला. बायॉलॉजीत श्वसन, रक्ताभिसरण, कंट्रोल अँड कोऑर्डिनेशन हे बोर्डात बारावीला आणि एनसीईआरटीत अकरावीला. केमिस्ट्रीत आयॉनिक इक्विलिब्रिया आणि थर्मोडायनॅमिक्सचंही तसंच.

म्हणजे जून ते सप्टेंबर कॉलेजात जे शिकवतील त्यातला बराच भाग तुझी ‘राहिलेली अकरावी’च आहे. धडा कॉलेजात सुरू झाला की त्याच आठवड्यात त्याचं एनसीईआरटी वाचन आणि नीटचे प्रश्न दोन्ही कर, पुढे ढकलू नकोस. मग खरोखर वेगळं करायचं काय उरतं? फिजिक्समध्ये मोशन, लॉज ऑफ मोशन, ग्रॅव्हिटेशन आणि रे ऑप्टिक्स, बायॉलॉजीत वर्गीकरण, प्लांट आणि ॲनिमल किंगडम, मॉर्फॉलॉजी, सेल, सेल डिव्हिजन, फोटोसिंथेसिस आणि एक्स्क्रीशन, केमिस्ट्रीत मोल, ॲटम, बाँडिंग आणि ऑरगॅनिकचा पाया. आठवड्यातल्या तीन धड्यांतला एक या यादीतून उचल.

अभ्यासक्रमातही एक खाच आहे. 2024च्या नीटपासून सॉलिड स्टेट, पॉलिमर, डायजेशन, मिनरल न्यूट्रिशन वगळले गेले. बोर्डाला मात्र ते सोडून चालणार नाही. पी-ब्लॉकचं, म्हणजे आवर्तसारणीतल्या एका भागातल्या मूलद्रव्यांचं, बरोब्बर उलटं : एनसीईआरटीच्या नव्या बारावीतून तो धडा गेला, पण नीटच्या अभ्यासक्रमात ग्रुप 13 ते 18 आहेत. इथे बोर्डाचीच पुस्तकं कामी येतात, 13 ते 15 अकरावीच्या आणि 16 ते 18 बारावीच्या. ‘फक्त एनसीईआरटी’ असा मंत्र जपणारी मुलं इथले मार्क हकनाक घालवतात. नीटचा अभ्यासक्रम छापून घे आणि दोन्ही पुस्तकांच्या अनुक्रमणिकेवर पेन्सिलीने खुणा कर. एका संध्याकाळचं काम आहे.

आता दिवस. तुझी सोन्यासारखी वेळ साडेबारा ते दोन ही आहे. डबा वीस मिनिटांत संपव आणि उरलेला तासभर कॉलेजच्या लायब्ररीत त्या दिवशीच्या फिजिक्सची गणितं सोडव. घरी आल्यावर दमलेल्या डोक्याने गणितं सुटत नाहीत, मग उत्तरं बघून ‘कळलं’ असं वाटतं आणि टेस्टमध्ये तेच गणित अडतं. रात्री पहिला तास केमिस्ट्री, नंतर बायॉलॉजीचं वाचन. एसटीत नवीन काही वाचू नकोस. उभं राहायला लागलं तर पुस्तक उघडताच येत नाही, बसायला मिळालं तर डोळा लागतो. रात्री वाचलेल्या धड्यातली आकृती, क्रम, नावं मनातल्या मनात म्हणून बघायला ती वेळ पुरते. अडलेलं कॉलेजात उतरल्यावर पुस्तकात बघ.

रविवारी दुपारी टेस्ट, आणि ती तपासायला टेस्टइतकाच वेळ. शनिवारची रात्र मोकळी ठेव. आठवड्याचं राहिलेलं तिथे येऊन पडतं. ती जागा टाइमटेबलमध्ये नसेल तर एक लग्न किंवा एक ताप सगळं कोलमडवतो.

प्रश्न : नीटच्या नादात बोर्डाकडे दुर्लक्ष झालं तर चालतं का? प्रॅक्टिकल, जर्नल यात फार वेळ जातो. (विद्यार्थी, मिरज)

चालत नाही. फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी मिळून खुल्या गटाला किमान 50 टक्के, तर एससी, एसटी, ओबीसींना 40 टक्के लागतात. म्हणजे 300 पैकी 150 किंवा 120. आकडा लहान दिसतो, पण पर्याय निवडायच्या (एमसीक्यू) सवयीने हात लिहायचा थांबलेला असतो. या प्रत्येक विषयाचे 70 मार्क लेखी आणि 30 प्रॅक्टिकलचे. जर्नल सर्टिफाय झालं नाही तर त्या 30 मार्कांचाच घोळ होतो, म्हणून प्रयोग झाला त्याच दिवशी निरीक्षणं आणि आकृती पुरी कर. जानेवारीत एका रात्रीत जर्नल उतरवणाऱ्याला तोंडी परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला घाम फुटतो. हजेरीही 75 टक्के हवी. ‘कॉलेजला यायची गरज नाही’ असं कुणी सांगत असेल तर आधी हे विचार.

नोव्हेंबरअखेरपर्यंत नीटला झुकतं माप दे. 15 डिसेंबरपासून लिहायला लाग : फिजिक्समधली डेरिव्हेशन्स, बायॉलॉजीच्या नावं दिलेल्या आकृत्या, ऑरगॅनिकची कन्व्हर्जन्स. प्रिलिम मन लावून, वेळ लावून दे. इंग्रजीला आठवड्यातून एक तास काढ, तिच्यात नापास झालास तर बाकीचं सगळं वाया. या काळात नीटचं एकच काम चालू ठेवायचं, रोज बायॉलॉजीचे 45 प्रश्न, अर्ध्या तासात.

बोर्डाची लेखी परीक्षा अलीकडे फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होते आणि नीट मेच्या सुरुवातीला असते. तुझा शेवटचा मोठा पेपर मार्चच्या मध्याच्या आसपास संपला तर सात आठवडे हातात राहतात. पहिले तीन आठवडे वर सांगितलेली अकरावीची यादी, पुढचे दोन बारावी, शेवटचे दोन एक दिवसाआड पूर्ण पेपर. पेपर संपल्यावर ‘जरा आठवडाभर आराम’ करू नकोस. दोन दिवस पुरेत.

प्रश्न : सीईटीसाठी वेगळा अभ्यास लागतो का? (विद्यार्थिनी, वाई)

अभ्यास फारसा नाही, सराव लागतो. एमएचटी-सीईटी म्हणजे फार्मसी, ॲग्री वगैरेंसाठीची राज्याची प्रवेश परीक्षा. तिच्या पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी) गटात 200 प्रश्न, प्रत्येकी एक मार्क, चुकलं तरी मार्क कापत नाहीत. साधारण 80 टक्के भर बारावीवर असतो. नीटमधून गेलेले सॉलिड स्टेट आणि पॉलिमर इथे येतात, पण बोर्डासाठी ते झालेलेच असतात. कॉम्प्युटरवर पाच पेपर वेळ लावून सोडव. एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, ही सवय मात्र नीटला जाताना घरी ठेवून जा.

प्रश्न : सराव पेपरात बायॉलॉजी चांगली जाते, पण शेवटची पंधरावीस फिजिक्सची गणितं वाचायचीच राहतात. (विद्यार्थी, कराड)

2025पासून 180 प्रश्नांना 180 मिनिटं आहेत. पूर्वीची जादा वीस मिनिटं आणि पर्यायी प्रश्न गेले. बायॉलॉजीच्या 90 प्रश्नांना पन्नास मिनिटांवर वेळ देऊ नकोस. केमिस्ट्रीला पन्नास, फिजिक्सला पासष्ट. उरलेली पंधरा मिनिटं ओएमआर (गोळे भरायची उत्तरपत्रिका) आणि परत बघण्यासाठी. गोळे प्रत्येक पान संपलं की भर. शेवटी एकदम भरायला घेतले की एक ओळ चुकते आणि पुढची सगळी उत्तरं घसरतात.

फिजिक्सचे 45 प्रश्न दोन फेऱ्यांत कर. पहिल्या फेरीत दीड मिनिटात वाट दिसली नाही तर खूण करून पुढे जा. बरोबरला चार, चुकीला उणे एक. दोन पर्याय खात्रीने कटले असतील तर उरलेल्या दोनांतून निवडण्यात सरासरी दीड मार्काचा फायदा आहे. एकही कटत नसेल तर सोडून दे, तिथे सरासरी जेमतेम पाव मार्क हाती लागतो.

आणि सराव दुपारी दोन ते पाच कर, सकाळी नव्हे. एप्रिलच्या उन्हात जेवून बसल्यावर डोकं कसं चालतं ते आधी कळायला हवं. हातात घड्याळ घालून सराव करत असशील तर काढून ठेव, केंद्रावर ते चालत नाही.

प्रश्न : मुलाला अकरावी-बारावीसाठी विजापूरला किंवा कोट्याला ठेवायचा विचार आहे. काही अडचण? (पालक, जत)

मोठी अडचण आहे. सरकारी महाविद्यालयांतल्या 85 टक्के जागा राज्याच्या कोट्यात असतात. त्यासाठी डोमिसाइलबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या संस्थेतून उत्तीर्ण असावी लागते. बदलीवर गेलेल्या काही कर्मचाऱ्यांच्या मुलांसारखे मोजके अपवाद सोडले तर बारावी बाहेर केलेल्याला मिरज, सातारा इथल्या या जागांवर हक्क राहत नाही, मग मुख्यतः 15 टक्के अखिल भारतीय कोटा आणि अभिमत विद्यापीठं उरतात. बारावी इथून करून पुढे रिपीटच्या वर्षी बाहेर ठेवलं तर बिघडत नाही. राखीव गटातून अर्ज करणार असाल तर जात पडताळणीचा प्रस्ताव अकरावीतच कॉलेजमार्फत द्या. निकालानंतर समितीच्या दारात रांग लागते आणि प्रवेशाची मुदत तेवढी थांबत नाही.