जागा विकण्याची घाई करू नका

ताई, सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील टॉवेल कारखान्यात जॉबर असलेला तुमचा धाकटा भाऊ आधी मोबाइलवरील रमीत आणि ती बंद पडल्यावर मटक्यात व क्रिकेटच्या सट्ट्यात अडकला आहे, आजवर उघडकीस आलेले कर्ज 3 लाख 40 हजारांचे आहे, आणि आई दोन गुंठे जागा विकून ते एकरकमी फेडायला निघाली आहे, असे तुम्ही लिहिले आहे. यापुढे महिन्याला हजार रुपयांच्या आतच खेळेन, असा शब्द तो देतो आहे. जागा विकावी का आणि हा शब्द धरावा का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. दोन्हींना माझे उत्तर नाही असेच आहे.

मी सूत व्यापाऱ्याच्या पेढीवर हिशेब लिहीत असे आणि नऊ वर्षे आकडा लावत असे. 2012 च्या दिवाळीनंतर लावलेला नाही. त्याआधी 2008 मध्ये वडिलांनी त्यांच्या भविष्य निर्वाह निधीतले 86 हजार रुपये काढून माझी तीन ठिकाणची देणी एका दुपारी चुकती केली. घरी आल्यावर त्यांनी दूध आणण्यासाठी माझ्या हातात पन्नासाची नोट ठेवली. मी दुधाची पिशवी घेतली आणि उरलेल्या सुट्ट्या पैशांचा आकडा शेजारच्या टपरीवर लावला. त्यात हव्यास होता असे आजही मला वाटत नाही. मला एवढेच दिसत होते की ज्या तिघांनी मला दारात उभे करणे सोडले होते, ते तिघेही आता पुन्हा उसने द्यायला तयार आहेत. वडिलांच्या लेखी कर्ज फिटले होते, माझ्या लेखी पत पुन्हा उभी राहिली होती. सात महिन्यांत मी एक लाखाच्या वर गेलो.

मर्यादेचे म्हणायचे तर मर्यादा ही गोष्ट खोटी नाही. ज्याचा खेळ अजून करमणुकीपुरता आहे, त्याने सिनेमाच्या तिकिटासारखी ठरावीक रक्कम बाजूला काढावी, ती गेलीच असे समजावे, उसने घेऊन किंवा दारू पिऊन खेळू नये आणि हरलेले परत मिळवण्यासाठी दुसरा डाव मांडू नये. 1969 पासून चालू असलेल्या राज्य लॉटरीचे एखादे तिकीट वर्षा-सहा महिन्यांनी घेणाऱ्याला मी जुगारी म्हणणार नाही. पण "जबाबदारीने खेळा" हे वाक्य रमीच्या जाहिरातींच्या शेवटी ज्या वेगाने वाचले जाई, त्यावरूनच ते कोणाच्या सोयीचे आहे हे कळत असे. त्यात सगळी जबाबदारी खेळणाऱ्याच्या माथी येते आणि खेळ कसा रचला आहे याचा उल्लेखही राहत नाही.

ती रचना मटक्यात सर्वांत उघड दिसते. एकेरी आकडे दहा आणि लागलेल्या आकड्याला रुपयाला नऊ. म्हणजे दहाही आकड्यांवर दहा-दहा रुपये लावले तर शंभर जातात आणि नव्वद येतात. जोडीला, म्हणजे दोन अंकी आकड्याला, रुपयाला नव्वद मिळतात आणि जोड्या शंभर असतात, म्हणजे तिथेही तेच. एका वेळेचे हे दहा टक्के कोणाला खुपत नाहीत. परंतु आलेले पैसे माणूस पुन्हा लावतो, आणि असे दहा वेळा केले की हजार रुपयांचे सरासरीने 349 उरतात. "अभ्यास करून" आकडा काढणाऱ्यांच्या जुन्या निकालांच्या वह्या मी पाहिल्या आहेत, माझीही होती. त्यातून एवढेच घडते की 37 ऐवजी 38 आला, म्हणजे आपण एका घराने हुकलो, असे मनाला वाटते आणि हुकलेला डाव हरलेला न वाटता जिंकत आलेला वाटतो.

अशा अवस्थेत पोहोचलेल्या माणसाची मर्यादा टिकत नाही, कारण त्याचा आजार नेमका मर्यादेच्या जागीच असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी 2022 पासून लागू आहे, जुगाराचा विकार व्यसनी वर्तनाच्या विकारांमध्ये घातलेला आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या 2013 च्या निकषावलीत नऊ लक्षणे आहेत आणि त्यांतील चार बारा महिन्यांत दिसली तर निदान होते. रक्कम वाढवत नेणे, बंद करताना चिडचिड व अस्वस्थता होणे, थांबण्याचे प्रयत्न फसणे, हरलेले वसूल करायला दुसऱ्या दिवशी परत जाणे, घरच्यांशी खोटे बोलणे आणि देणी फेडायला दुसऱ्याच्या पैशांवर विसंबणे ही त्यांतलीच. भिशीचे पैसे "कारखान्यात अडकले" असे त्याने तुम्हाला दोनदा सांगितले, हे तुम्हीच लिहिले आहे. निदान डॉक्टर करतील, मी नाही. पण हजार रुपयांचा करार करण्याची ही वेळ नव्हे, हे मी खात्रीने सांगतो.

पैशांआधी एक गोष्ट आजच करा. कर्ज उघडे पडल्यानंतरचे दिवस जिवाला धोक्याचे ठरू शकतात. त्याला एकट्याला बाजूला घेऊन "जीव द्यावा असे मनात येते का?" हे सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट असलेला बाहेर पडतो. उत्तर होय आले किंवा तो नुसता गप्प राहिला, तर त्याला एकटे सोडू नका आणि 14416 या टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या, क्रमांकावर फोन लावा. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतून बोलता येते. घरच्यांनीही तिथे सल्ला विचारता येतो. तातडीची वेळ आली तर 112.

आता पैसा. तुम्हाला कळलेले 3 लाख 40 हजार हा पूर्ण आकडा असण्याची शक्यता मला कमी वाटते, कारण पहिल्यांदा कबूल करताना आम्ही सगळे थोडे हातचे राखून सांगतो. कर्जांची नोंद ठेवणाऱ्या प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. त्याला शेजारी बसवून, त्याच्याच हाताने तो काढायला लावा. बँका, वित्तसंस्था आणि बहुतेक मोबाइल कर्जे त्यात दिसतात. सावकार, मित्र, कारखान्यातली उचल आणि भिशी ही त्यात येत नाहीत, ती वहीत लिहून घ्यायची. वही त्याच्या अक्षरात असावी.

पगार आईच्या किंवा वहिनींच्या खात्यात वळवा आणि ते त्याच्या संमतीने करा, लपूनछपून केल्यास तो दुसरी वाट शोधतो. मालकांना भेटून, कारण पूर्ण न सांगताही, "आमच्यापैकी कोणी सोबत असल्याशिवाय उचल देऊ नका" एवढे सांगता येते. यूपीआयमध्ये आता सर्कल नावाची सोय आहे, तिच्यात घरातल्या एकाच्या खात्यातून दुसरा पैसे देऊ शकतो आणि हवे असल्यास प्रत्येक व्यवहाराला खातेदाराची मंजुरी लागते. त्याच्यासाठी ही सोय चांगली आहे, कारण चहा-पेट्रोल अडत नाही आणि रात्री अकराचा व्यवहार वहिनींच्या फोनवर आधी वाजतो.

घेणेकऱ्यांमध्ये भेद करा. पैजेत "जिंकलेल्या" रकमेसाठी भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 30 नुसार कोर्टात दावा लावता येत नाही, त्यामुळे बुकीची बाकी यादीत सर्वांत खाली. तो धमकावू लागला तर पोलीस ठाणे गाठा. परवाना नसलेला सावकार असेल तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 खाली जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करता येते, आणि हे नुसते ऐकूनही काही सावकार व्याज सोडून मुद्दलावर येतात, असा माझा अनुभव आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी व संध्याकाळी सातनंतर करता येत नाहीत. कर्जाच्या ॲपवाल्यांनी फोनमधल्या नातेवाइकांना त्रास दिला तर 1930 या सायबर तक्रारींच्या क्रमांकावर कळवा. उरलेली खरी देणी त्याच्या पगारातून हप्त्याने फिटू द्या, चार वर्षे लागली तरी चालतील. मला पाच लागली. दर महिन्याच्या सात तारखेला हप्ता देऊन पावती वहीत चिकटवताना जे वाटत असे, ते 86 हजार रुपयांनी एका दुपारी मला शिकवले नव्हते. आईंनी जागा ठेवावी. घरावर जप्ती येण्यासारखे एखादे देणे असेल तर तेवढेच, थेट घेणेकऱ्याला, भावाच्या हाती रोख न देता भागवावे.

कायद्याच्या धाकावर फार भिस्त ठेवू नका. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पारित केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे म्हणवोत की नशिबाचे, बंद केले. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड आहे, खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. अड्ड्यावर सापडलेला मात्र 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली स्वतः आरोपी होतो, हे भावाला एकदा सांगून ठेवा, रोज नको. रमी बंद होताच तो टपरीवर गेला, यावरून दार बंद करणे आणि ओढ कमी करणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे तुमच्या लक्षात आलेच असेल.

ओढीचे काम डॉक्टरांचे आहे. आपल्या सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे. तिथे केसपेपर काढताना "वेड्यांच्या डॉक्टरकडे आलो" म्हणून मी रुमालाने तोंड झाकले होते, आणि रांगेत माझ्या पुढे आमच्याच गल्लीतले मास्तर झोपेच्या तक्रारीसाठी उभे होते. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने माहिती गुप्त राखण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे, त्यामुळे कारखान्यात कळेल ही भीती त्याने बाळगू नये. उपचारात प्रामुख्याने बोलणे असते. आकडा लावावासा वाटण्याआधी नेमके काय घडले, कोणता विचार आला, त्या वेळी दुसरे काय करता येईल, हे आठवड्यामागून आठवडा तपासले जाते. काहींना नाल्ट्रेक्सोनसारखे औषधही देतात. दारू किंवा उदासीनता सोबत असेल तर तीही तपासली जाते, आणि ती बहुधा असते. कंपवाताच्या काही औषधांनीही जुगाराची ओढ अचानक वाढू शकते. तुमच्या भावाच्या वयात तो प्रश्न नसावा, पण चालू औषधांच्या चिठ्ठ्या न्यायला हरकत नाही.

मधे एकदा तो घसरेल. मी दोनदा घसरलो. त्या दिवशी रक्कम किती हे विचारण्याआधी तो स्वतः सांगायला आला का, हे पाहा. आला असेल तर वहीत तारीख लिहा, पुढची भेट अलीकडे घ्या आणि हप्ता चालू ठेवा. टपरी कारखान्याच्या वाटेवर असेल तर वाट बदलायला सांगा. मी दोन वर्षे दहा मिनिटांचा वळसा घालून पेढीवर जात असे.

सोमवारी सुट्टी टाकून त्याच्यासोबत सिव्हिलला जा. आत तो एकटा गेला तरी चालेल, तुम्ही बाहेर बाकावर बसा. वही मात्र त्याच्याजवळ असू द्या, डॉक्टरांनी मागितली तर ती त्यानेच उघडून दाखवावी.