कारखान्याची राख फुकट, पण वीट?

प्रश्न : आमच्या शेजारच्या साखर कारखान्यातून बॉयलरची राख फुकट मिळते. फ्लाय अ‍ॅश विटा राखेच्याच असतात. मग या राखेत सिमेंट कालवून घरीच विटा पाडल्या तर बांधकाम स्वस्तात होईल का?
– एक वाचक, ता. इंदापूर

उत्तर : राख म्हटली की सगळी सारखीच, असं धरून चालू नका. फ्लाय अ‍ॅश येते परळी, एकलहरे, कोराडी अशा औष्णिक वीज केंद्रांतून. तिथे कोळसा दळून जाळतात आणि धुराबरोबर वर चाललेली राख यंत्रानं धरतात. ती मैद्यासारखी बारीक असते. चुना आणि ओल मिळाली की तिच्यातली सिलिका (वाळूत असते तीच) सिमेंटसारखी हळूहळू घट्ट धरू लागते, म्हणून ही वीट भाजावी लागत नाही.

तुमच्या राखेतही सिलिका भरपूर आहे. घोडं अडतं ते काळ्या कणांपाशी. मूठभर राख वाळवून पांढऱ्या कागदावर पसरा. अर्धवट जळालेल्या बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या, काड्या नुसत्या डोळ्यांना दिसतील. हा कोळसा पाणी पितो आणि विटेची ताकद खातो. त्यात बऱ्याच कारखान्यांत धूर पाण्यानं धुतात, म्हणजे राख तुमच्या दारात येणार ती चिखल होऊन. वाळवा, चाळा, दळा; फुकटातली राख तिथेच महाग पडते. वर सिमेंट लागणारच.

गंमत अशी की हाच कोळसा वीटभट्टीवाल्याच्या कामाचा. मातीत थोडी राख मळली की विटेच्या पोटातले काळे कण भट्टीत जळतात, जळण वाचतं, वीट हलकी होते. प्रमाण वाढवलं तर मात्र ती सच्छिद्र होते. तेव्हा ओळखीचा भट्टीवाला असेल तर राख त्याला द्या आणि बदल्यात विटांचा भाव पाडून घ्या. माझ्या मते तुमचा फायदा यातच आहे.

तयार फ्लाय अ‍ॅश विटा घेणार असाल तर परीक्षा सोपी आहे. कोरडी वीट वजन करून २४ तास पाण्यात बुडवा, मग पुसून पुन्हा वजन करा. ३ किलोची वीट ३ किलो ६०० ग्रॅमच्या वर गेली तर ती गाडी परत पाठवा. २० टक्क्यांहून जास्त पाणी पिणारी वीट भिंतीत नको. दोन विटा एकमेकींवर वाजवा, आवाज खणखणीत यायला हवा; नखानं ओरखडा काढून बघा, तो सहज उठता कामा नये.

खरी फसवणूक होते ती विटांवर पाणी मारून त्या पक्क्या होऊ देण्यात. घाईचा कारखानदार कालच्या ओल्या विटा आज गाडीत भरतो. उतरवतानाच कडा झडतात, आणि अशी वीट भिंतीत गेल्यावर आक्रसली की गिलाव्याला बारीक चिरा पडतात. थप्पीतल्या विटा कधी पाडल्या, ती तारीख विचारा. २८ दिवस झाल्याशिवाय माल उचलू नका, गवंडी कितीही घाई करो.