वाचकांचे प्रश्न : वेशीवरचं चॅपेल आणि झाकलेली तोंडं

प्रश्न : मुलीकडे फ्रान्समध्ये नीसला गेले होते, तेव्हा डोंगरातलं व्हेनान्सों गाव पाहिलं. गावात चर्च आहे, तरी शिरतानाच एका खोलीएवढं वेगळं चॅपेल, आतून सगळं रंगवलेलं. खाली सँ-मार्तां-व्हेझुबीत एका दुकानात जुनं पोस्टकार्ड दिसलं : पांढरे झगे, तोंडावर खोळ, डोळ्यांपुरती भोकं. दचकलेच! एवढ्याशा गावाला दोन-दोन प्रार्थनास्थळं कशाला? आणि ही माणसं कोण?
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : ताई, बाप्तिस्मा, लग्न, रविवारची प्रार्थना, हे सगळं चर्चमध्ये, पाद्रीबुवांच्या हाताखाली. चॅपेल बहुधा गावाच्या नवसाचं. 1347 पासून युरोपात प्लेग येतच राहिला. संत सेबास्टियन बाण लागूनही वाचला होता आणि प्लेग म्हणजे देवाचे बाण अशी समजूत, म्हणून राखणीला तो. मरीआईचं ठाणं वेशीवर का असतं हे माहीत असणाऱ्याला त्याची जागा वेगळी समजावून सांगायला नको.

तिथली चित्रं 1481 मधली, जोव्हान्नी बालेइसोन या चित्रकाराची. सेबास्टियनची कथा सगळेच बघतात. माझं मन मात्र प्रार्थना करणाऱ्या दोघांच्या चित्रावर जडलंय. एकाच्या प्रार्थनेच्या रेषा ख्रिस्ताच्या जखमांकडे जातात, दुसऱ्याच्या थेट घरच्या मालमत्तेकडे! अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्यालाही आपण कोणत्या बाजूचे ते कळत असणार. (आपल्या वडोदऱ्यातला भित्तिचित्रांचा तांबेकर वाडा पाहिलात ना? नसेल तर आधी तो पाहा, मग नीस.)

आता ते झगेवाले. 1260 मध्ये इटलीतल्या पेरूजात लोक चौकाचौकांत स्वतःला फटके मारून प्रायश्चित्त घेऊ लागले आणि ते लोण भराभर पसरलं. पुढे त्यातूनच गावोगावी पश्चात्ताप्यांची बंधुमंडळं उभी राहिली. पाद्री नव्हेत, संन्यासी नव्हेत. बायकामुलांची, कामधंद्याची माणसं. वर्गणी काढायची, आपल्यातूनच कारभारी निवडायचा, आजाऱ्याची विचारपूस करायची. पण खरं काम मयतीचं. ज्याला खांदा द्यायला कोणी नाही, त्यालाही रीतसर मूठमाती मिळायची. तोंड झाकायचं ते याचसाठी. दान करताना उजव्या हाताचं डाव्याला कळू नये, असं बायबल सांगतं. खोळीखाली सावकार आहे की त्याचा कर्जदार, कोणाला कळणार?

म्हणून ही मंडळी अगदी साधुसंत होती असं समजू नका. पांढरे, काळे अशा रंगांवरून वेगवेगळी मंडळं, आणि मिरवणुकीत पुढे कोण चालणार यावरून त्यांची भांडणं. पैशांकडेही चर्चचं लक्ष होतंच : 1562 मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेनं ठरवलं, की मंडळांच्या कारभाऱ्यांनी दरवर्षी बिशपला हिशेब दाखवावा. 1792 मध्ये फ्रान्सच्या क्रांतिकारी सरकारनं ही मंडळं बंदच केली. पुढे काही पुन्हा उभी राहिली. इटलीतल्या फ्लॉरेन्सचं मिझेरिकोर्दिया मंडळ तर 1244 पासूनचं मानतात. त्याचे स्वयंसेवक आज ॲम्ब्युलन्स चालवतात, उघड्या तोंडानं.

आणि तुम्ही का दचकलात, तेही ओळखलं. अमेरिकेतले कू क्लक्स क्लानवाले आठवले ना? ती टोळी 1865 ची, काळ्या लोकांवर दहशत बसवायला निघालेली. तिचा या मंडळांशी काडीचा संबंध नाही. पोस्टकार्ड खुशाल दिवाणखान्यात लावा. फक्त कोणी विचारलं तर एवढं सगळं सांगायची तयारी ठेवा.