सही करण्याआधी

प्रश्न: "मला ३३वा आठवडा लागलाय. बाळाला ट्रायसोमी १८, म्हणजे अठराव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असण्याचा गंभीर आजार, असल्याचं गर्भजलाच्या तपासणीत कळलं. हृदयात छिद्र आहे, वाढही कमी आहे. तरी बाळ जन्माला येऊ द्यायचं, हे आम्ही दोघांनी ठरवलं. आता जो तो विचारतो, नॉर्मल की सिझर? डॉक्टर म्हणतात, तुम्ही ठरवा. मला काहीच सुचत नाही. नवरा फार समजूतदार आहे. मला त्रास नको म्हणून बर्थ प्लॅनचा, म्हणजे बाळंतपणात काय करायचं नि काय नाही ते आधी लिहून द्यायचा, फॉर्म त्यानेच भरलाय, माझी सही तेवढी बाकी आहे. पण नातेवाइकांना काय सांगू? प्रत्येक फोनला रडू येतं."

उत्तर: अगं, त्या फॉर्मवर लिहिलंय काय?

पत्रात फोन आहेत, नातेवाईक आहेत, डॉक्टर आहेत. फॉर्मबद्दल मात्र एवढंच, की सही बाकी आहे. म्हणजे तू तो वाचलेला नाहीस. नवरा समजूतदार असेल, पण या बाबतीत मला त्याचं कौतुक नाही. काळजीच्या नावाखाली त्याने तुला तुझ्याच बाळंतपणातून बाहेर काढलंय, आणि तूही मुकाट निघालीस.

नॉर्मल की सिझर हे सुटत नाहीये, कारण त्याच्या आधीचा प्रश्न तुझ्यापर्यंत आलेलाच नाही. कळा चालू असताना बाळाच्या ठोक्यांवर सतत मॉनिटर ठेवायचा का? ट्रायसोमी १८ची बरीच बाळं शेवटच्या आठवड्यांत पोटातच किंवा ऐन कळांमध्ये जातात. मॉनिटर लावला आणि ठोके घसरले, तर धावपळ होणार आणि सिझरच्या संमतीचा कागद कळा देता देता तुझ्यापुढे येणार. सिझर नकोच असेल, तर ते आकडे बघत पडून राहायचं कशाला? आणि काही झालं तरी बाळाला जिवंत हातात घ्यायचंय, घटकाभर का होईना, असं मनात असेल, तर सिझरचं बोलणं आत्ताच व्हायला हवं. पोटावरची जखम, पुढच्या गरोदरपणातली जोखीम, सगळं धरून. सिझरने बाळाचा आजार बदलत नाही. जिवंत भेट होण्याची शक्यता वाढू शकते. त्या भेटीसाठी तू काय सोसशील, ते दुसरं कोण लिहिणार?

मग जन्मानंतरचं. या बाळांचा श्वास मध्येच थांबतो. मास्कने श्वास द्यायचा, घशात नळी घालायची, की पुसून थेट तुझ्या छातीवर ठेवायचं आणि त्रास वाटला तर तेवढ्यापुरतं औषध द्यायचं? नवजात बाळांच्या डॉक्टरांशी तू स्वतः बोललीस का? पत्रात तरी ते कुठे दिसले नाहीत. काही बाळं घरीही जातात. जिवंत जन्मलेल्या दहांपैकी साधारण एक पहिला वाढदिवस गाठतं. तेव्हा नाकातल्या नळीने दूध कसं द्यायचं, रात्री-अपरात्री फोन कुणाला करायचा, हेही ठरलेलं हवं. फॉर्ममध्ये फक्त निरोपाची तयारी असेल, तर तो अर्धाच आहे.

आणि एक गोष्ट त्याला सुचलीच नसेल, पैज लावते. बाळ राहो न राहो, दोन-चार दिवसांत तुला दूध येणार. ते काढायचं, की थांबवायला गोळी घ्यायची? रक्तदाब वाढलेला असेल तर नेहमीची गोळी चालत नाही, म्हणून हे आधीच विचारायचं. त्या वेळी शेजारी बाळांचे पाळणे असलेल्या वॉर्डात तुला ठेवू नये, हेही लिही.

तर उद्या दवाखान्यातून कोरा फॉर्म आण आणि स्वतःच्या हाताने भर. रडत भरलास तरी चालेल. अडेल ती जागा रिकामी सोड आणि तेवढ्या जागा घेऊन डॉक्टरांसमोर बस. नवऱ्याचा फॉर्म त्यानंतर उघड. जुळला तर छान, नाही जुळला तर बोला दोघं, पण सही होईल ती तुझ्या फॉर्मवर. पुढे मत बदललं तर बदल. कळा सुरू झाल्यावर तोंडी सांगितलंस तरी चालतं.

राहिले नातेवाईक. ते फोन नवऱ्याकडे दे. तुझा त्रास कमी करायची त्याला एवढी हौस आहे, तर हे काम खास त्याचंच.