फोन येतात, सौदा होत नाही: लिस्टिंगमध्ये किंमत आणि पत्ता लपवावा का?

तुमचा प्रश्न असा, की सोलापुरात इस्टेट एजन्सी आहे, एका प्रॉपर्टी साइटचं वर्षाचं पॅकेज घेतलं, दिवसाला पाच-सात फोन येतात, पण साइट व्हिजिटच्या पुढं काही सरकत नाही, तर लिस्टिंग नीट कशी वापरायची. आणि तळाशी हळूच एक ओळ टाकलीय : "किंमत आणि नेमका पत्ता आम्ही देत नाही, नाहीतर पार्टी डायरेक्ट मालकाकडे जाते." मी लिहायला बसलो ते त्या ओळीमुळं. ही ओळ मी सात वर्षं रोज ऐकलीय, आमच्या दाजींच्या तोंडून.

दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. जागेच्या व्यवहारात पस्तीस वर्षं काढलेला माणूस. जुळे सोलापूर माळरान होतं तेव्हाचे प्लॉट त्यांनी विकलेत. कुठल्या सात-बाऱ्यावर कुणाच्या बहिणीचं नाव राहिलंय हे तलाठ्याच्या आधी त्यांना आठवतं. त्यांच्याकडून मी धंदा शिकलो, हे आधीच सांगतो, कारण पुढं जे लिहिणार आहे ते वाचून कुणाला मी कृतघ्न वाटेन.

दाजींचा नियम एकच. फोनवर भाव सांगायचा नाही. "माणूस खुर्चीत बसला की अर्धा सौदा झाला बे." त्यांच्या काळात ते खरं होतं, कारण खुर्चीत बसणारा माणूस अशोक चौकातून सायकलवर यायचा. चुकीच्या घराला आला तरी त्याची दुपार जायची आणि आपला एक चहा.

साइटवर घर बघणारा माणूस तो नाही. आपल्या गावातला माणूस अजूनही पाहुण्यांना विचारतो, वॉचमनला विचारतो, बँकेतल्या ओळखीच्याला विचारतो. पूर्व भागातले, म्हणजे तेलुगू विणकर समाजाच्या वस्तीतले, बरेच व्यवहार तर समाजातल्या समाजातच मिटतात, त्यांना ना साइट लागते ना आपण. माझ्याकडं साइटवरून येणाऱ्या दहा फोनांतले सात पुण्याचे. पोरगा हिंजवडीला नाहीतर खराडीला, आई-वडील सोलापुरात जुन्या घरात, जिना चढवत नाही, म्हणून त्यांच्यासाठी खालच्या मजल्यावरचं काहीतरी बघायचंय. हा पोरगा रात्री अकराला जेवण झाल्यावर मोबाइलवर बघतो, पैसे तोच देणार, पण हो-नाही आई म्हणणार. तुमची लिस्टिंग या दोघांसाठी असते. तुमच्या लिस्टिंगवर हॉलमधल्या सोफ्याचे सहा फोटो असतील आणि जिन्याचा, बाथरूमच्या उंबऱ्याचा, पाण्याच्या टाकीचा एकही नसेल, असं मी न बघता सांगतो.

आता ते घर. विजापूर रोडला सोरेगावच्या अंगाला एक रो हाऊस होतं. मालक निवृत्त शिक्षक, मुलीकडं राहायला गेलेले. लिस्टिंग दाजींनी टाकली. खातं माझ्या मोबाइल नंबरवर उघडलेलं, कारण दाजींना तेव्हा ओटीपी म्हणजे काय ते कळत नव्हतं. पण मजकूर त्यांचा. "सैफुल परिसर, प्रशस्त, २४ तास पाणी, किंमत भेटीत." नकाशावरची खूणसुद्धा सैफुललाच मारलेली. घर तिथून बरंच पुढं. मी म्हटलं, हे खोटं आहे. दाजी म्हणाले, सैफुलवरूनच जावं लागतं ना? मग परिसरच झाला.

२०२३ चा जानेवारी. पुण्याहून एकाचा फोन आला. भाव काय? मी नियमाप्रमाणं म्हटलं, या की, बसून बोलू. त्यानं दोनदा विचारलं. मी दोनदा तेच सांगितलं. तसंही गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, गावी येणारच होते, म्हणून एक दिवस आधी निघाले. अडीचशे किलोमीटर गाडी चालवून नवरा-बायको आले आणि इथून आई-वडिलांना बरोबर घेतलं. नेमका यण्णीमज्जनाचा, म्हणजे लिंगांना तेल लावायचा यात्रेतला पहिला दिवस. नंदीध्वज अडुसष्ट लिंगांना निघालेले, गावातले अर्धे रस्ते बंद. त्यांना फिरवून फिरवून विजापूर रोडला काढेपर्यंत तास गेला. सैफुल मागं पडलं तसं म्हाताऱ्या बाबांनी काच खाली केली आणि बाहेर बघत राहिले. बोलले काही नाहीत.

घर चांगलं होतं हो. खरंच चांगलं होतं. आई आत गेल्या, ओटा बघितला, मागच्या दारानं बाहेर आल्या आणि कंपाउंडच्या भिंतीवरून शेजारणीला विचारलं, "बाई, पाणी कितव्या दिवशी?"

"पाचव्या. ते बी रात्री दोनला."

उजनी धरण काठोकाठ भरलं तरी नळाला पाणी चार-पाच दिवसांनीच, हे त्या काळात सोलापूरकराला सांगावं लागत नव्हतं. त्या माउलीलाही ते माहीत होतंच. जन्म काढलेला तिनं इथं. पण आम्ही लिहिलं होतं २४ तास. त्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. राग नव्हता त्यात. शाळेत कॉपी करताना सापडलेल्या पोराकडं बाई बघतात तसं. मग मुलानं भाव विचारला. मी बावन्न लाख म्हटलं. त्याचं कर्ज बसत होतं पंचेचाळीसपर्यंत. तो म्हणाला, "एवढं फोनवर सांगितलं असतं तर?" आणि याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. परत सोडताना गाडीत कुणी बोललं नाही. बाबांनी उतरताना मला दहा रुपयांच्या शेंगदाण्याच्या पुडीतले शेंगदाणे दिले, ते मला अजून लागतं.

ऑफिसात आलो तर दाजी म्हणाले, "तुझं तोंड पडलं म्हणून पार्टी गेली. बोअर आहे, मोटर आहे, म्हणजे २४ तासच की पाणी!" आमचं भांडण तिथं सुरू झालं आणि खरं सांगायचं तर संपलेलं नाही. मार्चमध्ये मी वेगळं खातं उघडलं, वेगळं टेबल टाकलं.

तुमच्या प्रश्नातलं जे कामाचं आहे ते उरकून घेतो. एक, भावाची चाळणी. साइटवर गिऱ्हाईक "४० लाखांपर्यंत" असं निवडतो. तुम्ही साडेचाळीस टाकून खाली "बैठकीत कमी होईल" लिहिलंत तर ते वाचायला तो तुमच्या पानावर पोचतच नाही. मालक चाळीसला येणार असेल तर चाळीसच टाका. भाव न टाकलेलं घर तर या चाळणीत कुठं जाईल ते साइटच्या मर्जीवर. दोन, क्षेत्रफळ. कार्पेट, म्हणजे बाहेरच्या भिंतींच्या आतली वापराची जागा, लिहा. रेरा, म्हणजे बांधकाम व्यवसायावरचा कायदा, आल्यापासून नव्या स्कीममध्ये विक्री कार्पेटवरच आहे, बाहेरच्या भिंती, बाल्कनी, गच्ची त्यात धरायची नाही. आपल्याकडं जुन्या घरांना अजून बिल्टअप, म्हणजे भिंतींसकट क्षेत्रफळ, सांगायची सवय आहे. पुण्याचा पोरगा टेप घेऊन येतो. करारात चौरस मीटर असेल तर १०.७६४ ने गुणा, अंदाजानं नको. नव्या प्रोजेक्टची जाहिरात करत असाल तर तुमचा महारेराचा नंबर आणि प्रोजेक्टचा नंबर पाहिजेच, ऑगस्ट २०२३ पासून प्रोजेक्टचा क्यूआर कोडही. हे तुम्हाला माहीत असणार. (एजंटांच्या परीक्षेला मी एक्केचाळिसाव्या वर्षी बसलो. दाजी म्हणाले, परीक्षा देऊन घरं विकली जातात होय? पास झालो, पेढे ताईनं वाटले.)

आणि फोन लगेच उचला. तीच चौकशी साइट बऱ्याचदा आणखी चार एजंटांना देते, हे पॅकेज विकणारा पोरगा तुम्हाला सांगत नाही. संध्याकाळी फोन केलात तर तुम्ही पाचवे असता.

यापेक्षा मोठं दुखणं म्हणजे आपल्याकडं मालक एकच घर पाच जणांना सांगतो, "जो आणेल त्याला." पाचही जण साइटवर टाकतात. एक अडतीस, एक बेचाळीस, एक पंचेचाळीस, फोटो तेच. गिऱ्हाईक काय समजतो? घर पडून आहे, छत्तीसला मागू. तुम्ही अडतीस टाकून हुशारी केली असं वाटतं, पण पाडलात तो तुमच्याच दलालीचा आकडा. मालकाकडून निदान तीन महिन्यांचं लेखी घ्या. साध्या कागदावर का होईना, भाव, मुदत आणि दलाली लिहून सही. मालक कुरकुरतात. मी त्यांना त्यांच्याच घराच्या चार लिस्टिंगा मोबाइलवर शेजारीशेजारी दाखवतो, मग करतात सही.

तर ते सोरेगावकडचं घर. विकलं गेलं नव्हतंच. मी मास्तरांच्या मुलीकडं गेलो, कागदावर सही घेतली आणि माझ्या खात्यावर टाकलं. खूण जिथं घर तिथं. भाव पन्नास, मास्तर तेवढ्याला तयार होते, त्यांना आधी कुणी विचारलंच नव्हतं. मजकूर असा लिहिला : "सैफुलच्या पुढं, सोरेगावच्या अलीकडं. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, बहुधा रात्री. बोअर आहे, उन्हाळ्यात कमी होतो. जमिनीखाली दहा हजार लिटरची टाकी. पायऱ्या तीन, आत उंबरा नाही." टाकीचं झाकण उघडून फोटो काढला. बाथरूमचा काढला. मास्तरांचं देवघर मात्र नाही काढलं, त्यांनी नको म्हटलं.

दाजींच्या लिस्टिंगला महिन्याला चाळीसेक फोन यायचे. माझ्याला नऊ आले. पहिल्या पंधरवड्यात माझी झोप उडाली होती, खोटं कशाला बोलू. पण नवांतला एकही "पाणी किती, भाव किती" विचारत नव्हता. सहावा माणूस रेल्वेतून निवृत्त झालेला. टाकीचा फोटो बघून आला, आल्या आल्या टाकीत बॅटरी मारून बघितली आणि साडेअठ्ठेचाळीसला इसार दिला. दाजी म्हणतात, मार्केट वाढलं होतं. जुळे सोलापूरला वाढलं असेल, सोरेगावला तीन महिन्यांत काय वाढणार? आणि वाढलं म्हणावं तर विकलं कमीलाच!

आता तुमची भीती. पार्टी डायरेक्ट जाते का? जाते. होटगी रोडच्या एका फ्लॅटच्या लिस्टिंगमध्ये मी अपार्टमेंटचं नाव, मजला, नंबर सगळं टाकलं, नव्या नव्या प्रामाणिकपणाच्या भरात. गिऱ्हाईक माझ्याबरोबर एकदा बघून गेला, रविवारी एकटा आला, वॉचमनला पन्नास रुपये दिले आणि मालकाचा नंबर घेतला. पस्तीस लाखांचा व्यवहार, एक टक्का धरला तरी पस्तीस हजार गेले, कारण त्या मालकाचं मी लेखी घेतलं नव्हतं. हे मी घरी कुणाला सांगितलेलं नाही. दाजी इथं वाचत नाहीत. तेव्हा दाजी त्या एका बाबतीत बरोबर होते, एवढं मान्य. म्हणून आता चौक लिहितो, गल्ली लिहितो, नकाशावर खूण खरी मारतो. फ्लॅट नंबर आणि इमारतीची पाटी फोटोत येऊ देत नाही. गुंठेवारीतले प्लॉट, हिश्शाची भांडणं असलेली घरं यांना हे सगळं तसंच्या तसं लागू होत नाही; ती मी साइटवर टाकतच नाही. आणि पाच-सात फोनांवर तुम्ही खूश असाल तर माझं ऐकू नका, कारण फोन नक्की कमी होतील.

विकलेलं घर त्याच दिवशी खाली उतरवा, हेही सांगायचं होतं. सोरेगावचं ते घर दाजींच्या खात्यावर अजून चालू आहे. सैफुल परिसर, २४ तास पाणी, किंमत भेटीत. "फोन तर येतात ना," म्हणतात. दरवर्षी पॅकेज रिन्यू करताना ओटीपी माझ्या मोबाइलवर येतो, कारण नंबर माझाच. दाजी मला विचारत नाहीत. ताईचा फोन येतो, "अरे, तुझ्या मोबाइलवर काहीतरी आकडे आलेत बघ, सांग की त्यांना, खोळंबलेत." आणि मी सांगतो.