‘लायसन्स टू किल’ची बाजू

प्रश्न : जेम्स बाँडचे आवडते चित्रपट सांगताना तुम्ही ‘लायसन्स टू किल’ (१९८९) वर ठेवलात! सूड, अमली पदार्थ आणि रक्तपात... यात आमचा बाँड आहे कुठे?

उत्तर : ‘हा बाँड नव्हेच’ ही तक्रार चित्रपटाइतकीच जुनी. पण ज्या प्रसंगाने लोक बिचकले, तो बाँडचा अमेरिकी मित्र फेलिक्स लायटर याला शार्कपुढे टाकण्याचा प्रसंग थेट बाँडचा जनक इयन फ्लेमिंगच्या १९५४ च्या ‘लिव्ह अँड लेट डाय’ कादंबरीतून उचललेला आहे. टिमथी डाल्टनचा चिडलेला, थकलेला बाँड मला तरी फ्लेमिंगच्या पानांच्या जास्त जवळचा वाटतो.

आणि हेरगिरी म्हणाल, तर ती इथेच आहे. सांचेझ हा तस्कर पैशापेक्षा इमानाला मोठा मानतो. मित्राच्या सुडापायी हेरखात्याचा परवाना गमावलेला बाँड त्याच्या गोटात शिरतो आणि नेमकं तिथेच बोट ठेवतो. सांचेझचा साथीदार क्रेस्ट याच्या बोटीवरच्या, पाणबुड्यांसाठीच्या दाबकक्षात सांचेझच्याच नोटा दडवून ठेवतो, बस्स. पुढचं काम संशय करतो; क्रेस्टला सांचेझ स्वतःच संपवतो, तेही किती भयानक रीतीने! काडी लावायची आणि बाजूला उभं राहायचं, हे या मालिकेत इतक्या सफाईने क्वचितच दिसतं.

चित्रपट चालला नाही, याला कारणं होती. अमेरिकेत त्याच उन्हाळ्यात ‘बॅटमॅन’ आणि इंडियाना जोन्सचा तिसरा भाग समोर उभे. ब्रिटनमध्ये १५ वर्षांखालच्यांना प्रवेशबंदी. बाँडपटाच्या वाट्याला हे पहिल्यांदाच आलं. म्हणजे हक्काची पोरं दाराबाहेरच.

शेवटचा टँकरांचा पाठलाग मेक्सिकोतल्या ला रुमोरोसाच्या घाटात चित्रित झालाय. अख्खा टँकर एका बाजूच्या चाकांवर धावतो तो खराखुरा, स्टंटचालक रेमी ज्युलिएनच्या चमूने पळवलेला. संगणकाची करामत नाही.

दोष आहेत. बाँडची साथीदार पाम आणि सांचेझची प्रेयसी लुपे यांच्यातला मत्सर ओढूनताणून आणलाय, आणि शेवटी डोळा मिचकावणारा तो दगडी मासा कुणाला सुचला, देव जाणे. बाँडला उपकरणं पुरवणाऱ्या, डेस्मंड लुएलिनच्या ‘क्यू’ला मात्र एरवीच्या दोन मिनिटांऐवजी चांगलं ऐसपैस काम मिळालंय. रजा टाकून बाँडच्या मदतीला आलेला हा म्हातारा कामगाराच्या वेशात रस्ता झाडतो आणि काम झाल्यावर झाडूतला वायरलेस बेफिकिरीने फेकून देतो! उपकरणं जपून वापरा म्हणून जन्मभर बाँडला झापणारा हाच तो.

पुन्हा पाहाल तेव्हा बाँडला थोडा वेळ सोडा आणि रॉबर्ट डावीच्या सांचेझवर नजर ठेवा. ज्याने आपल्याला पोखरलं, त्याच्यावरच तो किती भरवसा टाकतो ते बघा.