हेल्याची वेसण भुसावळात

प्रश्न : सर, मी यावलचा, एस.वाय.ला आहे. कॉलेजच्या दिवाळी अंकासाठी सायन्स फिक्शन लिहितोय. साल 2190, मंगळावर दोन वसाहतींची लढाई, आणि आपली रिमोटवाली लढाऊ गाडी 'हेल्या', सहा चाकं, आत माणूस नाही. चालवणारी ताई भुसावळात बसून जॉयस्टिकने चालवते, समोरून गोळा आला की झटकन वळवते. मित्र म्हणतो फेकू नको. बरोबर कोण?

उत्तर : भाऊ, नाव एक नंबर आहे. पण मित्राचं खरं आहे. गाडीत खोट नाही रे, अंतर नडतंय.

घरी केळी असतील तर मोबाईल स्टार्टर तुला माहीतच असेल. आमच्याही विहिरीवर आहे. लाईट येते रात्री 12 नंतर, थंडीत मळ्यात कोण जाईल, म्हणून गोधडीतूनच फोन लावायचा, तिकडून बाई बोलते मोटर चालू झाली, की आपण कूस बदलून झोपायला मोकळे. मागच्या वर्षी अशीच चालू केली, फुटव्हॉल्व्हमधे कचरा अडकलेला, पाणी काही उचललं नाही, मोटर रात्रभर कोरडी फिरली आणि सकाळी गेलो तर जळका वास, वाइंडिंग खलास. बाई खोटं नव्हती बोलली हां, मोटर चालूच होती!

रिमोटवर चालणाऱ्या कुठल्याही गाडीचं दुखणं हेच, हुकूम आपण इकडून सोडतो आणि तिकडे काय झालं ते उशिरा कळतं, तेही अर्धवट. विहीर निदान गावात आहे. मंगळ जवळ येतो तेव्हाही साडेपाच कोटी किलोमीटरवर असतो, लांब जातो तेव्हा 40 कोटी. रेडिओ सिग्नल प्रकाशाच्याच वेगाने जातो, सेकंदाला 3 लाख किलोमीटर, तरी एका बाजूला 3 ते 22 मिनिटं लागतात. समज त्या दिवशी 10 मिनिटं आहेत. ताईला स्क्रीनवर खड्डा दिसला तो 10 मिनिटांपूर्वीचा, तिने ब्रेक दाबला तो पोचणार आणखी 10 मिनिटांनी. हेल्या ताशी 30 ने पळत असेल तर तेवढ्यात 10 किलोमीटर पुढे गेलेला, म्हणजे भुसावळहून निघून वरणगावच्या जवळ. गोळा चुकवायचं तर सोडूनच दे.

यावर बरेच लोक 'क्वांटम सिग्नल', म्हणजे अजिबात वेळ न लागता पोचणारा काल्पनिक सिग्नल, लिहून मोकळे होतात. मला ते अजिबात आवडत नाही, सगळी मजाच जाते. त्यापेक्षा ताईला भुसावळातून उचल आणि फोबोसवर बसव. फोबोस हा मंगळाचा चंद्र, जमिनीपासून फक्त 6 हजार किलोमीटरवर, सिग्नलला सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो, जॉयस्टिक आरामात चालेल. पण फोबोस इतका पळतो की साडेसात तासांच्या आसपास मंगळाला एक चक्कर मारतो, मंगळ स्वतःभोवती फिरतो त्याहून खूप लवकर, म्हणून तो तिथे पश्चिमेला उगवतो आणि पूर्वेला मावळतो! एका जागेवरून सलग 4 तासांच्या आसपास दिसतो, मग 6-7 तास गायब. आता बघ, ताईच्या हातात हेल्या 4 तास, नंतर लोडशेडिंग. आणि शत्रूलाही ते टाइमटेबल पाठ. लढाई कधी होणार हे तुला वेगळं ठरवायची गरजच नाही.

अजून एक, मंगळावर वजन इथल्या 38 टक्केच भरतं पण पळत्या गाडीचा जोर तेवढाच राहतो, चाकांना पकड कमी आणि ब्रेक उशिरा लागतो. आपल्या काळ्या मातीत पहिल्या पावसानंतर ट्रॅक्टर कसा घसरतो ते आठवून लिही.

प्रश्न : अशा गाड्या खरंच कधी होत्या का, की फक्त पिक्चरमधे? (शहादा)

उत्तर : होत्या ना. सोव्हिएत लोकांकडे 1939-40 च्या फिनलंडच्या लढाईत टीटी-26 नावाचे रेडिओवरचे रणगाडे होते, मागच्या दुसऱ्या रणगाड्यात बसून चालवायचे. जर्मनांचा गोलियाथ तर गुडघ्याएवढा, पोटात दारूगोळा भरलेला, मागे वायर सोडत शत्रूच्या अंगावर जायचा आणि तिथेच फुटायचा. साडेसात हजारांवर बनवले. पण वायर कोणी तोडली की जागेवर ठोकळा.

लढाईतली नाही पण मला सगळ्यात आवडते ती सोव्हिएतांचीच लुनोखोद-1. नोव्हेंबर 1970 मधे चंद्रावर उतरली, आठ चाकं, आणि चालवणारी पाच जणांची टीम इकडे क्रिमियात. त्यांना सरळ व्हिडिओ पण दिसत नव्हता, काही सेकंदांनी एक असे थांबलेले फोटो यायचे, त्यावरून अंदाजाने स्टिअरिंग. चंद्राचा जाऊन-येऊन उशीर अडीच सेकंदांचाच, तरी ताशी 2 किलोमीटरच्या वर गेले नाहीत. तशीच हळूहळू साडेदहा किलोमीटर फिरवली.

आपल्याकडे डीआरडीओच्या पुण्याच्या लॅबचा 'दक्ष' आहे, बॉम्ब निकामी करणारा, जिना पण चढतो.

प्रश्न : शत्रूने सिग्नलच जाम केला तर गाडी काय करणार? (चोपडा)

उत्तर : तेव्हा काय करायचं ते आधीच तिच्यात भरून ठेवतात, बहुतेक वेळा थांब नाहीतर आल्या वाटेने परत फिर. गंमत म्हणजे युक्रेनच्या लढाईत आता ड्रोनच्या मागे बारीक फायबर केबल सोडतात, जाम करायला रेडिओच नको म्हणून. फिरून वायरवरच आले. यावलच्या भाऊने हेल्याला वायरच बांधली तर माझी हरकत नाही, फक्त मग ती झुडपात, दगडात कुठे अडकते ते नीट दाखव, केळीच्या बागेत ठिबकची नळी ओढत नेलीस कधी तर कळेल.